नानांचा करडा

गल्लीतले लोक तिला ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि त्यात रागावण्यासारखं तिला काही वाटत नसे. बारा वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक पेडल होतं. त्या पेडलावर तिचा पाय इतकी वर्षं ठेवलेला होता की, घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही पडद्यावर कुणी आडवं आलं की तिचा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा.

गाडी तशी गुणाची होती. इंजिन कुरकुर न करता चालायचं, सीटा धडक्या होत्या, आतून ती रोज पुसलेली असायची. वाईट होती ती चाकं. शिकाऊ माणूस गाडी बाजूला घेताना आरसा बघतो, इंडिकेटर देतो, बाईंकडे बघतो आणि मग फुटपाथच्या दगडाला चाक घासतो. चाकांवरची प्लॅस्टिकची झाकणं अशीच एकेक करून चार वेगवेगळ्या रस्त्यांवर निघून गेली होती. खाली उरल्या होत्या नुसत्या लोखंडी रिमा, गंजानं तांबूस झालेल्या आणि जागोजाग पोपडे सुटलेल्या. तिचं त्यांच्याकडे लक्षही जात नसे. चाकं फिरतात, तेवढं पुरे.

एके दिवशी एक सासूबाई आपल्या सुनेला शिकवणी लावायला घेऊन आल्या. सून उत्साहात होती, फॉर्म भरायला तिनं पेनसुद्धा काढलं. सासूबाई मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या, पुढच्या चाकापाशी थांबल्या, चपलेच्या टोकानं त्यांनी रिमेचा एक पोपडा पाडला आणि म्हणाल्या, "वरून ही अशी, तर खालून कशी असेल?" सुनेनं पेन पर्समध्ये ठेवलं.

ते वाक्य ब्रेकबाईच्या डोक्यात दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये विचारून आली. चार रिमा साफ करून रंगवायचा जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून ती "बघते" म्हणाली आणि तडक बाहेर पडली. तेवढ्यात दोन नवे टायर आले असते. परत येताना रंगाच्या दुकानातून तिनं चंदेरी रंगाचे दोन स्प्रेचे डबे घेतले. रविवारी सकाळी सुरू करायचं, संध्याकाळी मोकळं व्हायचं, असा साधा हिशेब होता. या हिशेबात तिनं नानांना धरलं नव्हतं.

नाना म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं एके काळी त्यांच्या हातची होती. मग आतून दिवा लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या, आणि नानांच्या गुडघ्यांनीही त्याच सुमारास शिडी चढायला नकार दिला. दोन वर्षांपूर्वी ते लेकीकडे राहायला आले ते कपड्यांची एक पिशवी आणि रंगांचे अकरा डबे घेऊन. पिशवी कपाटात गेली. डबे मागच्या अंगणात, पायऱ्यांखाली. घरातल्या प्रत्येक भिंतीबद्दल, दाराबद्दल आणि खिडकीच्या गजांबद्दल त्यांचं एक मत होतं, आणि ते त्यांनी कधी स्वतःजवळ ठेवलं नाही. तिचा नवरा शहाणा होता. "तुझं आणि नानांचं तुम्ही बघा," म्हणून तो रविवारी सकाळीच भावाकडे निघून गेला.

नाना खुर्ची घेऊन अंगणात आले. तिच्या हातातला डबा त्यांनी घेतला, कानाशी हलवला, परत दिला.

"हे काय? डास मारायचं?"

"रंग आहे नाना. स्प्रेचा."

"यात रंग किती आणि वारा किती?"

"मला संध्याकाळपर्यंत चारही चाकं संपवायची आहेत."

"संपतील," नाना म्हणाले. "रंग लागणार नाही, पण संपतील."

पुढचं चाक तिनं जॅक लावून काढलं, एका उलट्या पिंपावर आडवं ठेवलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि डब्याचं बटण दाबलं. नाना बघत राहिले. बारा वर्षं शेजारी बसून लोकांच्या चुका बघणं हा तिचा धंदा होता. आपण काम करत असताना कुणी असं गप्प बसून बघत राहिलं की कसं वाटतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"ओघळ आला," थोड्या वेळानं नाना म्हणाले.

आला होता. एक नव्हे, तीन. ती फडक्यानं टिपायला गेली तर फडक्याचे धागे रंगात चिकटले. वाळल्यावर नीट दिसेल म्हणून ती आत जाऊन चहा करून आली. चहा पिऊन झाल्यावर सहज बोट लावून बघितलं, तर चंदेरी रंगाची एक अख्खी खपली खालच्या गंजासकट तिच्या बोटावर आली. नानांनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून घडी केलेला पॉलिश पेपर काढून तिच्यापुढे धरला.

"घास," ते म्हणाले. "लोखंड दिसेपर्यंत. रंग लावणं हे शेवटचं काम असतं. आधीचं सगळं घासणंच."

"आणि उद्या सकाळी सातला माझी पहिली बॅच आहे, तिला काय सांगू? गाडीला तीन चाकं आहेत म्हणून?"

"एका वेळी एकच चाक काढायचं. त्याच्या जागी स्टेपनी लाव. ते झालं की ते बसव, स्टेपनी दुसऱ्या चाकाच्या जागी. गाडी एक दिवससुद्धा अडत नाही."

यात खोट काढायला तिला जागाच सापडली नाही, आणि सगळ्यात जास्त चीड तिला त्याचीच आली.

म्हणजे रविवारच्या एका दिवसाचं काम आता महिन्याभराचं झालं. शिकवण्या संपवून ती संध्याकाळी घरी यायची, बूटही न काढता मागे जायची आणि घासायला बसायची. आधी तारेचा ब्रश, मग खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाणी लावून. तिच्या नखांत गंज बसला तो साबणानंही निघेना. रोज अंधार पडायच्या आधी नाना खुर्चीवरून उठायचे, डोळे मिटायचे आणि रिमेवरून अंगठा फिरवायचे.

"इथे."

"कुठे?"

"इथे."

"मला काही लागत नाहीये, नाना."

"तुझ्या बोटांना सवय नाही."

"चाक आहे ते. रस्त्यावरच्या घाणीतून फिरणार आहे. कुणी त्यावरून अंगठा फिरवणार नाहीये."

"मी फिरवतोय ना."

ती दात आवळून पुन्हा घासायला बसायची. गाडीला तोवर पुढे एका बाजूला स्टेपनीचं काळं, अरुंद चाक लागलेलं होतं. प्रत्येक शिकाऊ आल्या आल्या विचारायचा, "बाई, हे काय झालं?" आणि ती म्हणायची, "काही नाही, कामाला दिलंय." दिवसातून सहा वेळा.

त्या दिवसांत तिच्याकडे पोस्टातल्या काकू शिकत होत्या. पोस्टात एका खिडकीमागे पस्तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता एकसष्टाव्या वर्षी त्यांना गाडी यायला हवी होती. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चालवायच्या बऱ्या, पण कान फार तिखट. पाच मिनिटं झाली की म्हणायच्या, "बाई, गाडी काहीतरी म्हणतेय."

कधी तो मागच्या सीटवर घरंगळणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा आवाज असायचा. कधी दारात अडकलेल्या पट्ट्याचा. एकदा तर काकूंच्याच पर्समधल्या किल्ल्यांचा निघाला. "काही म्हणत नाहीये काकू, तुम्ही समोर बघा," हे वाक्य ब्रेकबाईच्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतही आलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी ती दुपारची जेवायला घरी आली आणि अंगणात बघते तर पिंपावरचं चाक रंगवून झालेलं. नाना खुर्चीत बसून ब्रश पुसत होते. टायर आणि रिम यांच्या मधल्या फटीत त्यांनी गोलाकार, एकावर एक चढवून, तिची जुनी व्हिजिटिंग कार्डं खोचली होती. फोन नंबर बदलल्यापासून ती खोकाभर पडूनच होती. सगळा रंग कार्डांवर, टायरवर थेंब नाही.

"नाना, मी संध्याकाळी स्प्रे करणार होते."

"तो वारा मी देऊन टाकला कुणाला तरी."

"कुणाला?"

"भंगारवाल्याला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बोलणारच होती, पण तेवढ्यात तिची नजर चाकावर नीट पडली. नानांनी आपल्या अकरा डब्यांतले उरलेसुरले रंग एकत्र करून एक करडा बनवला होता. पारव्याच्या पाठीसारखा, निळ्याकडे काकणभर झुकणारा. ब्रशचा एक केस उठलेला नाही, कुठे थर जाड नाही. रिमेच्या वळणावर उजेड असा सरकत होता की ते लोखंड आहे हे खरं वाटू नये. कुणी सांगितलं असतं की कारखान्यातून आलंय, तर पटलं असतं.

"चंदेरी चार दिवसांत काळवंडतो," नाना म्हणाले. "चाकाला करडा."

रागवायचं तर होतं, पण राग धरायला जागा राहिली नव्हती. शेवटी तिनं वाकून जवळून बघितलं आणि म्हणाली, "नट बसतात त्या भोकांनाही लावलात की. आतपर्यंत."

"अर्धवट काम मी करत नाही."

रविवारी तिनं ते चाक पुढे बसवलं. नट हातानं फिरवले, मग पाना लावून, पायानं दाब देऊन घट्ट केले. स्टेपनी मागे गेली, मागचं गंजकं चाक पिंपावर आलं. नाना फाटकापाशी उभे राहून पुढच्या चाकाकडे बघत होते. ते हसले नाहीत, पण तीनदा बघायला आले.

बुधवारी काकूंची शिकवणी होती. बाजाराचा रस्ता संपून नदीकाठचा सरळ रस्ता लागला तशा काकू म्हणाल्या, "बाई, गाडी काहीतरी म्हणतेय."

"काही म्हणत नाहीये काकू. तुम्ही समोर बघा."

"टक टक करतेय."

"रस्ता खराब आहे इथला."

काकूंनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मान वळवून मागे बघितलं, हळूहळू वेग कमी केला आणि फुटपाथला हातभर अंतर ठेवून गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून काढली आणि मुठीत धरली. इतक्या बिनचूकपणे त्यांनी गाडी आजवर कधी थांबवली नव्हती.

"काकू, मी थांबायला सांगितलं नव्हतं."

"नव्हतंच. पण मी आता पुढे नेणार नाही. तुम्ही उतरून बघा."

ब्रेकबाईनं मोठा श्वास घेतला. या बाईला आज स्पष्ट सांगायचं, की गाडी चालवताना असे भास होत असतील तर सायकल बरी, असं मनात ठरवून ती उतरली. पुढे गेली. नानांच्या सुंदर करड्या चाकाजवळ वाकली आणि सहज एका नटाला हात लावला.

नट बोटानं फिरला.

दुसराही. तिसरा तर दोन आटे बाहेर आलेला होता. चौथ्याला थोडा जोर लागला, थोडाच. ती तशीच उकिडवी बसून राहिली. शेजारून गाड्या जात होत्या. पुढे चारशे पावलांवर रस्ता उताराला लागत होता आणि उताराच्या तळाशी पूल होता. रोज तिथे ती शिकाऊ लोकांना सांगायची, "आता जरा सोडा, पळू दे."

उठून तिनं डिकी उघडली. जॅक होता. पान्याची कापडी पिशवीही होती, पण रिकामी.

"काय झालं?" काकूंनी आतून विचारलं.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "उतरा तुम्ही. त्या कट्ट्यावर बसा. मी आले."

टायरवाल्याचं दुकान दहा मिनिटांवर होतं. अर्धी वाट ती धावलीच. टायरवाला तिचाच जुना विद्यार्थी, आठ वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकलेला. तो स्कूटरवरून तिला मागे बसवून घेऊन आला, चाक काढलं, नटांखालची भोकं बघितली आणि नखानं खरवडलं. जाड, अजून मऊसर रंगाचा लगदा झाला होता.

"इथे रंग लावला कुणी? नट रंगावर बसलाय, लोखंडावर नाही. रंग चेपतो, मग नट सैल पडतो." त्यानं ब्लेडनं भोकं खरवडून साफ केली, चाक परत चढवलं, नट आवळले. हात पुसता पुसता त्यानं विचारलं, "पण बाई, बसवल्यावर दुसऱ्या दिवशी परत आवळलेत ना? तुम्हीच शिकवलंय मला. पहिल्याच दिवशी. चाक बदललं की दुसऱ्या दिवशी नट पुन्हा बघायचे."

ब्रेकबाई म्हणाली, "रंगामुळेच झालं ना?"

"रंगामुळेही," टायरवाला म्हणाला. तो भला माणूस होता, त्यानं जॅक उचलून डिकीत ठेवला.

काकूंना घरी सोडून ती परतली तेव्हा नाना अंगणात दुसऱ्या चाकाचा गंज तपासत बसले होते. तिनं फाटक इतक्या जोरात लोटलं की ते भिंतीवर आपटून परत आलं.

"भोकांना रंग लावला होतात ना? अर्धवट काम करत नाही तुम्ही. नट सुटत होते सगळे. त्या पुलावर गेलो असतो ना नाना, तर आज घरी कुणी आलं नसतं. ती म्हातारी बाई होती माझ्याबरोबर. आणि माझा पाना कुठे आहे?"

"पाना माझ्या डब्यांपाशी आहे," नाना म्हणाले. "झाकणं उघडत नव्हती."

"रंगाची झाकणं उघडायला गाडीतला पाना." तिला हसावं की रडावं कळेना, आणि तिनं दोन्ही केलं नाही. "तुम्ही यापुढे माझ्या गाडीच्या कशालाही हात लावू नका. कशालाही. कळलं?"

नानांच्या हातात पॉलिश पेपर होता. त्यांनी त्याची नीट घडी केली आणि पिंपावर ठेवली. "बरं," ते म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

त्यानंतर नाना अंगणात आले नाहीत. खोलीत खिडकीशी बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, भाजी चांगली झालीय म्हणायचे, जायचे. ब्रेकबाई दुसरं चाक एकटीच घासत होती. डोक्यावर बसून कुणी बघत नव्हतं, मधे मधे बोलत नव्हतं. काम निम्म्या वेळात व्हायला हवं होतं. झालं उलटंच. दोन दिवस घासून तिला वाटलं, पुरे. मग तिचे डोळे मिटलेले आहेत आणि अंगठा रिमेवरून फिरतोय, हे तिच्या लक्षात आलं. आणि अंगठा एका जागी थांबला. तिथे खरोखरच एक बारीक खड्डा होता.

"घ्या," ती स्वतःशीच म्हणाली. आता याचाही त्रास.

त्याहून मोठा त्रास वेगळाच होता. टायरवाल्याचं वाक्य तिच्या मनातून जाईना. बारा वर्षांत शेकडो लोकांना पहिल्याच दिवशी तिनं ते सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा बघायचे. सोमवारी सकाळी तिनं बघितले असते तर सैल लागले असते, मंगळवारी बघितले असते तरीही. आणि घरी येऊन तिनं सगळं खापर फोडलं ते नानांच्या माथ्यावर. घासता घासता ती मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडत राहायची आणि दोन्ही बाजूंनी हरायची.

चौथ्या दिवशी ती चहाचे दोन कप घेऊन नानांच्या खोलीत गेली. एक त्यांच्यापुढे ठेवला. स्वतःचा हातातच धरून उभी राहिली.

"मी परत आवळले नव्हते," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आवळायचे असतात. मी सगळ्यांना सांगते. मीच विसरले."

"माहीत आहे मला," नाना म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"रविवारी तू चाक बसवून पाना खाली ठेवलास तेव्हाच मी उचलला. बुधवारपर्यंत माझ्याकडेच होता. तू मागायला आली नाहीस."

ती खाली बसली. चहा बशीत सांडला. "मग त्या दिवशी मी एवढी बोलत होते, तेव्हा का नाही सांगितलंत?"

नानांनी कप उचलला, फुंकर घातली, एक घोट घेतला. "तू घाबरलेली होतीस. घाबरलेल्या माणसाला हिशेब काय समजवायचा. आणि भोकांना रंग मी लावला होता, ते काही खोटं नव्हतं. पाट्यांना भोकं नसतात. माझ्या ध्यानात आलं नाही."

"अहो, पण चार दिवस तुम्ही इथे गप्प बसून राहिलात."

"तूच म्हणालीस, कशाला हात लावू नका."

"मी म्हणाले म्हणून ऐकलंत? आजवर कधी ऐकलंय?"

नानांनी उरलेला चहा संपवला आणि विचारलं, "दुसरं कुठवर आलं?"

"झालंय जवळजवळ."

"अंगठा फिरवलास?"

"फिरवला."

"मी बघतो," म्हणत नाना काठी शोधायला लागले.

दुसऱ्या चाकापासून नियम ठरले. नटांच्या भोकांवर नाना आधी चिकटपट्टीचे गोल तुकडे लावायचे. ते तुकडे ते बाटलीच्या झाकणाभोवती ब्लेडनं कापायचे आणि तासभर कापायचे. रंग ते लावणार, चाक बसवणार ती. पाना डिकीतच राहणार, आणि डब्यांची झाकणं उघडायला तिनं त्यांना एक जुना चमचा दिला. दुसऱ्या दिवशी नट आवळायचे. हे ती एकदा विसरली होती, त्याची भरपाई नानांनी अशी केली की, पुढचे सगळे दिवस ती घरात शिरली की चप्पल काढायच्या आधी आतून आवाज यायचा, "आवळलेस?"

"आवळले नाना."

"चारही?"

"चारही."

"स्टेपनीचे?"

"चारांत स्टेपनीही आली, नाना."

काकूंची परीक्षा याच काळात झाली. अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण त्यांना काहीतरी ऐकू आलं. परीक्षकाचं पेन सीटखाली घरंगळत होतं. परीक्षकानं पेन उचललं, वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यांना पास केलं. संध्याकाळी काकू घरी येऊन सांगून गेल्या. नानांना त्या चाकाबद्दल काय म्हणाल्या ते ब्रेकबाईला कळलं नाही, कारण ती आत होती. पण बाहेर आली तेव्हा दोघं फाटकाशी उभे राहून तिच्या गाडीच्या चाकांकडे बघत होते, आणि काकू म्हणत होत्या, "सुरेख हो. अगदी सुरेख."

तिसरं चाक झालं आणि करडा रंग संपला.

संपला म्हणजे डबा खरवडला तरी चमचाभर निघेना. तो रंग बनला होता अकरा डब्यांच्या तळातून, आणि कशात किती घातलं हे नानांनी कुठे लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, पुन्हा जुळवतो. त्यांनी दुकानातून पांढरा, काळा आणि निळा आणायला लावला. बशीत थेंब थेंब मिसळायचे, काडीनं पत्र्याच्या तुकड्यावर फासायचे, उन्हात धरायचे, सावलीत धरायचे, मान हलवायचे. तीन दिवस हेच चाललं. अंगणात करड्या रंगाचे सतरा पत्रे वाळत पडले होते. ब्रेकबाईला ते सगळे एकाच रंगाचे दिसत होते.

"नाना, लावा यातला कुठलाही."

"हा हिरव्याकडे जातोय."

"कुठे जातोय हिरव्याकडे?"

"तुला नाही दिसणार."

"मला दिसणार नाही, शिकाऊ लोकांना दिसणार नाही, रस्त्यावरच्या कुणालाही दिसणार नाही. मग कोणासाठी?"

नानांनी अठरावा पत्रा घेतला.

शेवटी चौथं चाक रंगलं, वाळलं, बसलं, दुसऱ्या दिवशी आवळलं गेलं. गाडी धुऊन पुसून फाटकापुढे उभी केली तेव्हा ब्रेकबाईला पहिल्यांदाच वाटलं की ही गाडी कुणाच्याही दारात उभी करायला लाज नाही. वरचा पांढरा रंग जुनाच, पण त्या चार करड्या चाकांमुळे तोही उजळ वाटत होता. ती दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली. नाना मात्र कपाळाला आठ्या घालून मागच्या चाकाकडे बघत होते.

"फरक आहे," ते म्हणाले.

"नाही."

"उभ्या गाडीत कळत नाही. चालती बघितली पाहिजे."

"नाना, मला साडेतीनला शिकवणी आहे. मी अजून जेवलेली नाही."

"एक चक्कर मार. मी इथे बसतो."

त्यांनी खुर्ची फाटकाबाहेर आणून ठेवलीसुद्धा होती. ती पुटपुटत गाडीत बसली, गल्लीच्या टोकाला गेली, चौकातून वळली, मागच्या रस्त्यानं परत आली आणि त्यांच्यासमोरून सावकाश गेली. आरशात बघितलं तर नानांची काठी हवेत, म्हणजे पुन्हा. ती पुन्हा गेली. या वेळी काठी खाली-वर हलली, म्हणजे हळू. तिसऱ्या वेळी ती इतकी हळू गेली की मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. चौथ्या वेळी तिनं गाडी नानांपुढे थांबवून काच खाली केली. पोटात कावळे कोकलत होते.

"काय ठरलं?"

नाना खुर्चीत पुढे वाकले होते. डोळे बारीक केले होते. चेहऱ्यावरचा भाव तिनं लहानपणी पाहिलेला होता, शिडीखाली उभं राहून. पाटी पुरी झाली की नाना शिडीवरून उतरायचे, रस्ता ओलांडून समोर जायचे आणि तिथून असेच बघत राहायचे. घरी जेवण वाट बघत असायचं, ती त्यांचा सदरा ओढत राहायची, आणि ते बघतच राहायचे.

"या बाजूनं ठीक आहे," नाना म्हणाले. "आता दुसऱ्या बाजूनं ये."

"ही गल्ली एकेरी आहे, नाना."

"मग मी पलीकडे जातो," ते म्हणाले आणि उठून खुर्ची उचलायला लागले.

ती गाडीतून उतरली. त्यांच्या हातातून खुर्ची घेतली, रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडला, समोरच्या फुटपाथवर खुर्ची ठेवली, परत येऊन नानांचा हात धरला आणि त्यांना पलीकडे नेऊन बसवलं. मग घड्याळ बघितलं, कपाळाला हात लावला आणि पाचव्या चकरेला निघाली.